वरती कळवलं आहे

खानवेलला कंपन्या हवापालटाला येतात. पूर्वी छातीचे रोगी मिरजेला नाहीतर पाचगणीला जायचे, तशा.

शनिवारी सकाळी सिल्वासाकडून, वापीकडून, कधी थेट मुंबईहून एसी बसगाड्या येतात. साकरतोड नदीच्या बाजूच्या एखाद्या रिसॉर्टात शिरतात आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली चाळीस-पन्नास माणसं खाली उतरतात. टी-शर्टवर पुढे 'वन टीम, वन ड्रीम' असं छापलेलं. माप सगळ्यांना एकच, कारण परचेसवाल्यांनी एल साइझ घाऊक उचललेला असतो. त्यामुळे स्टोअर्समधला बारीक पोरगा टी-शर्टात हरवतो आणि प्लांट हेडसाहेबांच्या पोटावर ते ड्रीम ताणून दुप्पट मोठं दिसतं.

ह्याला ऑफसाइट म्हणतात. आजार बहुतेकांचा एकच असतो: कंपनीतलं वातावरण बिघडलेलं असतं. कामाची माणसं सोडून जातात. राहिलेली एकमेकांच्या टेबलाला टेबल लावून बसतात आणि भांडतात मात्र मेलवर. हेड ऑफिसने निनावी सर्वे करावा, तर 'मला कामावर यायला आनंद वाटतो का' ह्या प्रश्नाला प्रत्येकाने पाचपैकी पाच दिलेले असतात. तिथे मात्र हेड ऑफिसलाही शंका येते.

मी राहतो दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलला आणि नोकरी करतो सिल्वासाच्या पट्ट्यात, धाग्याच्या एका मोठ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. कंपनीचं नाव सांगत नाही, पगार सात तारखेला होतो. पण त्यामुळे रोगी घरी कसा असतो आणि हवापालटाला आल्यावर कसा वागतो, हे दोन्ही मला बघायला मिळतं.

रिसॉर्टात ट्रेनर असतो. कॉलरला माईक, पायांत पांढरे बूट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'येस ऑर नो?' तो आधी फुगे फुगवायला लावतो, मग फोडायला लावतो. मग डोळे मिटून मागच्या मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. प्लांट हेड पडतात तेव्हा झेलायला इतके हात पुढे येतात की साहेब खाली येण्याऐवजी थोडे वरच जातात. अकाउंट्समधला ज्युनियर पडतो तेव्हा भज्यांचा घाणा नुकताच निघालेला असतो. तो बिचारा गवतावर पडतो, उठून कपडे झटकतो आणि 'खूप छान अनुभव' असं म्हणतो.

दुपारी ट्रेनर सगळ्यांना गोल बसवतो. "आज इथे कुणी बॉस नाही, कुणी ज्युनियर नाही. मनात असेल ते बोलायचं. कंपनीत काय चुकतंय?" चाळीस माणसं आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागतात. वर नदीकडून टिटवी ओरडते तेवढीच. शेवटी एचआरचाच एकजण घसा खाकरून म्हणतो, "सर, आपण आपल्या यशाचं सेलिब्रेशन कमी करतो, असं मला वाटतं." टाळ्या. ट्रेनर ते चार्ट पेपरवर हिरव्या स्केचपेनने लिहितो. त्याखाली 'कम्युनिकेशन गॅप' असं लिहितो. ते त्याने सकाळीच लिहून आणलं असतं तरी चाललं असतं.

ते चार्ट पेपर संध्याकाळी तिथेच राहतात. रिसॉर्टात कामाला असलेल्या आमच्या गावच्या बाया गुंडाळून घरी नेतात, कारण मागची बाजू कोरी असते. 'आमचं व्हिजन २०३०'च्या पाठीवर गावातल्या वारली पोरांनी बैल, कोंबड्या आणि तारपा काढलेला मी स्वतः बघितला आहे. कागद वाया गेला असं कुणी म्हणू नये.

आणि जे शोधायला ही मंडळी एवढं डिझेल जाळून येतात, ते त्यांच्या कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आठ-दहा रुपयांत कळतं. टपरीवाल्याला कुठली ऑर्डर रद्द झाली ते माहीत असतं. कुणी राजीनामा खिशात घालून फिरतंय ते माहीत असतं. कुठल्या ठेकेदाराने दोन महिने पगार थकवला ते तर उधारीच्या वहीतच दिसतं. आमच्या टपरीवाल्याची कंपनी तपासायची त्याची स्वतःची कसोटी आहे. शिफ्ट सुटल्यावर माणसं चहा पीत रेंगाळली तर कंपनी बरी चाललीय. शिफ्ट लागायच्या आधीच उभ्या उभ्या दोन-दोन कटिंग मारून, सुस्कारा सोडून, मग कार्ड पंच करायला गेली, तर तिथलं काही खरं नाही. एवढा नेमका सर्वे कुठल्या मुंबईच्या कन्सल्टंटने केलेला माझ्या पाहण्यात नाही.

माझी स्वतःची खूण वेगळी आहे. मी एका वाक्याची वाट बघतो. "सात नंबरचं काय झालं?" "वरती कळवलं आहे."

हे वाक्य ज्या कंपनीत दिवसातून जितक्या वेळा ऐकू येतं, तितकी ती आजारी समजावी. वरती म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं नसतं. खालच्याला वाटतं शिफ्ट इन्चार्जची केबिन, शिफ्ट इन्चार्जला वाटतं प्रॉडक्शन मॅनेजर, मॅनेजरला वाटतं मुंबई आणि मुंबईतल्या साहेबांना कुणी विचारलं तर ते छताकडे बघतात. बातमी मात्र खरोखरच वर जाते. फक्त प्रत्येक मजल्यावर तिला आंघोळ घालतात. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, सातचं बेअरिंग ओरडतंय, आज नाही तर उद्या जाम होणार." इन्चार्ज लिहितो, 'मशीन सातमध्ये थोडा आवाज.' मॅनेजरच्या मेलमध्ये 'मशीन सात अंडर ऑब्झर्वेशन'. प्लांट हेडच्या स्लाइडवर मशीन सातसमोर हिरवा ठिपका. बेअरिंग जाम होऊन मशीन बंद पडतं त्या दिवशी मुंबई मनापासून विचारते, "आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?" ह्या प्रश्नाचा धसका एवढा की तेव्हाही कुणी सांगत नाही.

बेअरिंगचं ठीक आहे, ते बदलता येतं. बोटाची गोष्ट वेगळी.

मोठ्या कारखान्यांच्या गेटवर एक फळा असतो: अपघातविरहित दिवस, इतके इतके. वॉचमन रोज सकाळी ओल्या फडक्याने कालचा आकडा पुसतो आणि खडूने एकाने वाढवतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी ह्या फळ्यासमोर उभं राहून, हात पुढे करून, शपथ घेतात. अशाच एका फळ्याचा आकडा शंभराच्या जवळ आला होता आणि तेव्हाच ठेकेदाराच्या एका हेल्परचं बोट पट्ट्यात सापडलं. टाके पडले. आता नियम असा, की जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला तर दिवस वाया गेला असं धरत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला घरून गाडी पाठवून आणला. एरवी तो सायकलने यायचा. टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवला. उजव्या हाताला एवढा मोठा पांढरा बोळा, म्हणून डाव्या हाताने रजिस्टरात रेघा मारायला दिल्या. रेघा वाकड्या आल्या. मग त्याला पंखा चालू-बंद करायचं काम दिलं. रजिस्टरप्रमाणे तो कामावर होता, फळ्याप्रमाणे अपघात झालाच नव्हता. आकडा शंभरावर गेला तेव्हा हेड ऑफिसने पेढे पाठवले. त्यालाही एक मिळाला. डाव्या हातात.

टपरीला ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी कळली होती, पट्ट्याचा नंबर आणि टाके किती हे धरून.

एक मात्र म्हणायला हवं, हे सगळं काही आमच्या कारखानदारीने आणलेलं नाही. विक्रीकर माफ झाला म्हणून इथे कारखाने आले ही अलीकडची गोष्ट. त्याच्या कितीतरी आधी एक फार मोठी संस्था ह्या मुलखात जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चालली. हेड ऑफिस लिस्बन, झोनल ऑफिस पणजी, ब्रँच दमण, सब-ब्रँच सिल्वासा. आणि तिचाही मुख्य आजार हाच, की टपरीला कळायचं ते लिस्बनला कळत नसे.

तिची सुरुवातच मुळी अधिकाराच्या घोळाने झाली. मराठा आरमाराने एका पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांनी वर्षाला १२,००० रुपये वसूल होतील एवढी गावं तोडून द्यायचं कबूल केलं. प्रत्यक्ष ताबा मिळायला १७८३ उजाडलं. फाइल तेव्हाही टेबलावर पडून राहत असे, एवढा दिलासा घ्यायला हरकत नाही. पण गावं दिली म्हणजे राज्य दिलं की फक्त महसूल? हे कुणी नीट लिहून ठेवलं नाही. पोर्तुगीज म्हणाले आम्ही मालक, कागद बघणारे म्हणाले तुम्ही फक्त वसुलीवाले. हा वाद शेवटी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९६० साली न्यायाधीशांनी पेशव्यांचे ते कागद काढून वाचले. मराठ्यांनी फक्त महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असं त्यांचं मत पडलं. मालकी पुढे इंग्रजांनी काही न बोलता मानली, एवढंच. जॉब डिस्क्रिप्शन अर्धवट ठेवलं तर भांडण किती लांबू शकतं, हे एचआरवाल्यांना सांगायला मी हेच उदाहरण देतो. ते 'इंटरेस्टिंग' म्हणतात आणि माझं स्वतःचं जॉब डिस्क्रिप्शन अजून देत नाहीत.

निकाल लागेपर्यंत सब-ब्रँच उरलीच नव्हती. १९५४ च्या २२ जुलैला दादरा हातचं गेलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. घेणारी माणसं म्हणजे काही फौज नव्हे. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, गोव्यातले वेगवेगळ्या रंगांचे गट, असे सगळे. त्यांत राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते आणि सुधीर फडके होते. ज्यांचं गाणं आपण रेडिओवर ऐकतो तो माणूस पावसात चिखल तुडवत सिल्वासाला गेला होता, हे आमच्याकडच्या नव्या पोरांना सांगितलं तर ती मोबाइलवर तपासून बघतात. ह्या गटांचं आपसांत फारसं पटत होतं असं नाही. पण त्यांना वरती कळवायचं नव्हतं, म्हणून काम झालं.

समोर होता कॅप्टन फिदाल्गो आणि त्याचे सुमारे दीडशे शिपाई. कुमक यायची तर दमणहून, आणि दमणची वाट भारतातून. ती भारताने अडवलेली. सिल्वासा सोडून तो माणसांसकट मागे सरला तो आमच्या खानवेलला. म्हणजे एका मोठ्या संस्थेची सगळी टीम आपला बोजा घेऊन ऐन पावसाळ्यात खानवेलला आली, पुढे काय करायचं ह्यावर विचार केला आणि काहीच ठरलं नाही. खानवेलला झालेली ही पहिली ऑफसाइट. ११ ऑगस्टला त्यांनी पलीकडे उधव्याला जाऊन भारतीय पोलिसांपुढे हत्यारं टाकली. उधवा आज तलासरी तालुक्यात आहे, आमच्याकडून फार लांब नाही. आजच्या टीमसुद्धा परत जाताना तशाच थकलेल्या दिसतात, फक्त त्यांच्या हातात सर्टिफिकेट असतं.

आता हेड ऑफिसची गंमत बघा. सब-ब्रँच १९५४ साली बंद पडली. लिस्बनने ते कागदोपत्री मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला, तेही तिकडे क्रांती होऊन मॅनेजमेंट बदललं तेव्हा. मधली वीस वर्षं त्यांच्या चार्टवर आम्ही होतोच. शेतकऱ्याने भात लावला, कापला, पोरांची लग्नं केली, नातवंडं झाली आणि लिस्बनच्या स्लाइडवर नगर हवेलीसमोर हिरवा ठिपका.

वाईट बातमी सांगणाऱ्याचं तिथे काय होई, तेही नोंदलेलं आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याभोवती भारतीय सैन्य उभं राहिलं तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा ह्यांना कळवलं, की शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. आजच्या भाषेत, टार्गेट नॉन-निगोशिएबल. गव्हर्नरच्या हाताशी काय होतं? रणगाडाविरोधी दारूगोळ्याला त्यांच्याकडे 'शोरिसू' म्हणजे सॉसेज असा गुप्त शब्द होता. गोव्याने तातडीने शोरिसू मागवले आणि लिस्बनने विमानातून खरोखरचे सॉसेज पाठवले, अशी हकीकत तिकडच्या सैन्यातली माणसं पुढे सांगत. आमच्या स्टोअर्सच्या माणसाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "इंडेंटवर स्पेसिफिकेशन लिहिलं नव्हतं का?" व्हासालो इ सिल्व्हांनी शहाणपणा केला, हजारो माणसं फुकट मारण्यापेक्षा १९ डिसेंबरला शरण गेले. हेड ऑफिसने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. पुन्हा मानाने घेतलं ते त्याच १९७४ मध्ये.

ह्याच्या उलट आमच्याच मातीतलं दुसरं उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. १९५४ नंतर सात वर्षं हा मुलूख कुणाचाच नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. पोर्तुगीजांची शिल्लक राहिलेली टपाल तिकिटं होती, त्यांवर नवा शिक्का मारून तीच चालवली. स्टेशनरी वाया घालवली नाही, हे आमच्या अकाउंट्सला ऐकवायला हवं. १९६१ साली भारतात विलीन व्हायचं ठरलं तेव्हा अडचण आली, की करारावर सही कोण करणार? त्या बाजूने पंडित नेहरू, भारताचे पंतप्रधान. ह्या बाजूने त्यांच्या तोडीचं कोण? तेव्हा इथे प्रशासक म्हणून आलेले के. जी. बदलानी नावाचे आयएएस अधिकारी होते. त्यांना एक दिवसाचे पंतप्रधान केलं, त्यांनी सही केली, काम झालं. एका दिवसात अधिकार दिला आणि एका दिवसात काढूनही घेतला. समिती नाही, सबकमिटी नाही.

आता आमच्याकडे बघा. जुनं लाकडी स्टूल गेटबाहेर दुरुस्तीला न्यायचं तर गेटपासवर सह्या लागतात त्या विभागप्रमुख, स्टोअर्स, अकाउंट्स, सिक्युरिटी आणि 'संबंधित अधिकारी' यांच्या. हा संबंधित अधिकारी कोण हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो नेहमी रजेवर असतो. एका स्टुलासाठी पंतप्रधान नेमायची वेळ आली तरी आमचे लोक आधी पंतप्रधानाची डेलिगेशन ऑफ पॉवर्स मागतील.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या हेरखात्याने एक छोटी पुस्तिका काढली होती. शत्रूच्या मुलखातल्या साध्या माणसांनी बंदूक न उचलता शत्रूचं कामकाज कसं बिघडवावं, ह्याच्या सूचना. त्यात कारखाने आणि कचेऱ्यांसाठी सांगितलंय, की कुठलंही काम ठरलेल्या मार्गानेच जाऊ द्या, आडवाट कधी काढू देऊ नका. प्रश्न आला की समितीकडे सोपवा आणि समिती होईल तेवढी मोठी करा. मागच्या बैठकीत ठरलेलं ह्या बैठकीत पुन्हा उकरा. पत्रातल्या शब्दांवर घोळ घाला. जिथे एकाच्या मंजुरीने भागतं तिथे तिघांची घ्या. अकार्यक्षम माणसाला बढती द्या. महत्त्वाचं काम अडलेलं असेल नेमकी तेव्हाच बैठक बोलवा. ही पुस्तिका मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, आमच्या कंपनीच्या क्वालिटी मॅन्युअलचा हा जुना मसुदा असावा. फरक एवढाच की तिकडे हे गुपचूप करायचं होतं, आमच्याकडे त्याचं ऑडिट होतं आणि नीट केलं नाही तर मेमो मिळतो.

ऑडिटवरून आठवलं. चूक झाली की आमच्याकडे 'पाच वेळा का' असा फॉर्म भरतात. पद्धत टोयोटाची आहे आणि उत्तम आहे. का, का, का असं खोदत गेलं की मूळ कारण सापडावं. आमच्याकडे पहिल्या 'का'लाच सापडतं. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर निग्लिजन्स' आणि उपायाच्या रकान्यात 'ट्रेनिंग दिलं'. मी जुन्या फायली चाळल्या आहेत. वीज गेली, ऑपरेटर निग्लिजन्स. चुकीचा लॉट दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेला, ऑपरेटर निग्लिजन्स. एकदा पावसाने शेड गळून धाग्याचे कोन भिजले, तिथेही तेच, आणि त्या ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. पावसाला दिलं असतं तर काही उपयोग झाला असता.

मग हे सुधारत नाहीच का? सुधारतं. ज्या टोयोटाचा फॉर्म आपण उचलला, तिनेच ते करून दाखवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार दांड्या मारायचे, कुठल्याही दिवशी पाचातला एक गैरहजर. गाड्यांत मुद्दाम खोट ठेवायचे, भांडणं तर रोजचीच. १९८२ मध्ये कारखाना बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला आणि बहुतेक माणसं तीच, युनियनही तीच, पुन्हा कामावर घेतली. गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली आणि गाड्याही चांगल्या निघू लागल्या. माणसं नालायक होती हा निष्कर्ष तिथल्या तिथे बाद झाला. बदललेल्या गोष्टींतली एक म्हणजे: लाइनवर एक दोरी टांगलेली होती आणि काही चुकतंय असं दिसलं की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की वरिष्ठ धावत यायचा आणि 'कुणी ओढली?' असं न विचारता 'काय झालं?' असं विचारायचा. दोरी बाजारात मिळते. तो दुसरा प्रश्न विचारणारा माणूस मिळत नाही. आमच्याकडेही दोरी आणलेली आहे. ती ओढायच्या आधी शिफ्ट इन्चार्जची लेखी परवानगी लागते.

तर मागे आमच्याकडे एक नवे प्लांट हेड आले. मूळचे इचलकरंजीचे, सुतातच वाढलेले, त्यामुळे मशीनचा आवाज दारातूनच ओळखायचे. आल्या आल्या त्यांनी भाषण केलं नाही, व्हिजन लावलं नाही. रात्रपाळीला तीन वाजता कँटीनमध्ये येऊन बसले. समोर एक हेल्पर पोहे खात होता. साहेबांनी विचारलं, "सात नंबरचं काय झालं रे?"

"वरती कळवलं आहे, साहेब."

"वरती म्हणजे मीच. बोल आता."

पोह्याचा घास तसाच राहिला. मग तो बोलला. बेअरिंग दुसऱ्या दिवशी बदललं. टपरीवाल्याचा विश्वास बसेना, त्याने दोघातिघांना खोदून विचारलं.

मग साहेबांनी गेटवरचा तो आकड्याचा फळा काढायला लावला आणि शेडमध्ये सुतळीने एक वही टांगली. थोडक्यात बचावलो, काही खटकलं, काही अडलं, जे असेल ते लिहा, नाव घालायची गरज नाही. पंधरा दिवस वही कोरी. सोळाव्या दिवशी पहिली नोंद आली ती चहाबद्दल: 'चहात दूध दिसत नाही.' मोठी तक्रार करायच्या आधी माणसं छोटी करून बघतात, काय होतंय ते. दुसऱ्या दिवशी चहात दूध दिसलं आणि कुणी लिहिलं ह्याची चौकशी झाली नाही. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. त्यानंतर पट्ट्याचं गार्ड सैल आहे, तेल सांडतंय, रात्री मागच्या जिन्यात दिवा नाही, अशा नोंदी येऊ लागल्या. एकाने तर लिहिलं, 'प्लांट हेडसाहेब शेडमध्ये इअरप्लग न घालता फिरतात.' सगळ्यांनी श्वास रोखला. साहेब दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांत इअरप्लग घालून आले आणि लिहिणाऱ्याची चौकशी न करता त्या नोंदीपुढे 'केलं' असं लिहून सही केली. वही भरत चालली, दुसरी टांगली.

त्या तिमाहीचा रिपोर्ट मुंबईला गेला आणि तिथे हाहाकार झाला. पूर्वी महिन्याला दोन-तीन नोंदी असायच्या, त्या आता साठाच्या वर. मेल आली, सीसीत एवढी नावं की मेल उघडायला खाली सरकवत बसावं लागलं. नव्या प्लांट हेडच्या काळात सेफ्टी कल्चर झपाट्याने ढासळलं आहे, खुलासा करावा.

नोंदी वाढल्या म्हणजे चुका वाढल्या असं नसतं, ह्यालाही पुरावा आहे. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात इस्पितळांतल्या नर्सांच्या टीम तपासल्या. चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी निघतील असा तिचा अंदाज होता. निघाल्या जास्त. मग तिच्या लक्षात आलं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मुंबईला कळवू नका. मुंबई म्हणेल नर्सांना ट्रेनिंग द्या." खुलासा तर द्यायचाच होता आणि तो त्याच 'पाच वेळा का'च्या फॉर्मवर. फॉर्म भरायला मी, साहेब आणि एचआर असे तिघे बसलो.

नोंदी का वाढल्या? लोक लिहू लागले म्हणून. का लिहू लागले? लिहिल्यावर काहीतरी होतं असं दिसलं म्हणून. आधी का लिहीत नव्हते? आधी लिहिणाऱ्याचंच काहीतरी व्हायचं म्हणून. असं का व्हायचं? हेड ऑफिसला नोंदी कमी हव्या होत्या म्हणून. हेड ऑफिसला कमी का हव्या होत्या?

इथे एचआरच्या माणसाला फोन आला. वाजलेला आम्ही कुणी ऐकला नाही, पण तो बाहेर गेला. साहेबांनी थोडा विचार केला आणि पाचव्या रकान्यात टाइप करायला सांगितलं, 'वरती विचारून कळवतो.'

राहिला उपायाचा रकाना. तो कोरा ठेवायचा होता, कारण उपाय करण्यासारखं काही झालंच नव्हतं. पण सॉफ्टवेअर कोरा रकाना घेत नाही, लाल चौकट दाखवतं. शेवटी लिहिलं, 'ट्रेनिंग दिलं.' फॉर्म दहा मिनिटांत मंजूर होऊन परत आला.